थकलेल्या बाई आणि एलीयाची भाकर

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात मुलांची गर्दी होते. सर्दी, ताप, जुलाब. शिक्षक मंडळी मात्र येतात ती सहामाही परीक्षेच्या सुमारास, आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तक्रार बहुधा एकच असते. "डॉक्टर, विशेष काही नाही. थकवा आहे. एखादं टॉनिक लिहून द्या." खोदून विचारले की हळूहळू बाकीचे बाहेर येते. घसा बसतो, पाठ भरून येते, पोटऱ्या दुखतात, रात्री झोप लागत नाही आणि पहाटे लागली तर उठवत नाही. वर्गात मुलांवर विनाकारण ओरडले जाते आणि घरी आल्यावर त्याची चुटपुट लागते. एवढे सांगून झाल्यावर "वय झालं आता" असे स्वतःचे निदानही ते स्वतःच करून टाकतात.

टॉनिकच्या बाटलीने हा थकवा जात नाही. आजच्या लेखात अशा थकलेल्या शिक्षकांविषयी, आणि त्यातही आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती शिक्षक-शिक्षिकांविषयी लिहायचे आहे. आरोग्याच्या सदरात प्रार्थनेचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझा दवाखाना चर्चच्या आवारापासून हाकेच्या अंतरावर आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पाहिली आहे, की श्रद्धाळू माणूस थकला म्हणजे डॉक्टरकडे येण्याच्या पुष्कळ आधी देवाकडे जातो. तेथे त्याला विसावा मिळतो की आणखी एक ओझे मिळते, यावर त्याची प्रकृती बरीचशी अवलंबून असते. म्हणून हा विषय डॉक्टरचाही आहे. मी स्वतः वारकरी घरातला. ख्रिस्ती धर्माचा मी अभ्यासक नव्हे. येथे जे लिहितो ते माझ्या रुग्णांकडून आणि एका वृद्ध पाळकसाहेबांकडून ऐकलेले, आणि त्यांनीच दिलेल्या पवित्र शास्त्राच्या प्रतीत वाचलेले आहे.

सेवेला सुटी नसते

नगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज आणि शिक्षकी पेशा यांचे नाते फार जुने आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ साली सुरू झाले. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार यांनी आयुष्याची अखेरची वर्षे नगरलाच काढली. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापनाच्या शिक्षणाशी त्यांचे नाव जोडले जाते. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीही उमेदीच्या काळात शिक्षकाची नोकरी केली होती.

अशा इतिहासामुळे येथील कित्येक ख्रिस्ती घरांत तीन-तीन, चार-चार पिढ्या शिक्षक सापडतात. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आई बालवाडीत, सून जिल्हा परिषदेच्या शाळेत. या घरांमधून 'शिकवणे ही नोकरी नव्हे, सेवा आहे' हे वाक्य लहानपणापासून कानावर पडते. वाक्य चांगलेच आहे. त्याच्या जोरावर या मंडळींनी आडगावांतल्या शाळा उभ्या केल्या. पण डॉक्टर म्हणून मला त्याची दुसरी बाजूही दिसते. नोकरीला सुटी असते, सेवेला नसते. नोकरी करणारा 'दमलो' म्हणू शकतो. सेवा करणाऱ्याला तसे म्हणायची लाज वाटते.

"माझा विश्वासच कमी पडतोय"

एका बाईंची हकीगत सांगतो. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून.

वय चव्वेचाळीस. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. त्यातली एक जागा रिकामी, म्हणून पहिली ते चौथी हे चारही वर्ग बाईंकडेच. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे, सभांचे इतिवृत्त, सारे त्यांनीच पाहायचे. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि बारावीतला मुलगा. यजमान बाहेरगावी नोकरीला. रविवारी सकाळी उपासनेआधी मुलांची संडे स्कूल बाईच घेत, आणि दुपारी महिला संघाची सभा असे, तिच्या चिटणीसही त्याच.

त्या आल्या तेव्हा लेंटचे दिवस होते, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ. संध्याकाळपर्यंत नुसत्या चहावर राहायचे असा त्यांचा नेम होता. पहाटे चारला उठून त्या तासभर प्रार्थना करीत. थकवा वाढत गेला तशी ती वेळ त्यांनी दोन तासांवर नेली. असे का केले, म्हणून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पूर्वी एवढंच काम असायचं, पण मी थकत नव्हते. आता थकते, म्हणजे माझा विश्वासच कमी पडतोय. तो वाढावा म्हणून जास्त वेळ बसते."

मी पापणी खाली ओढून पाहिली. कागदासारखी पांढरी. जीभ गुळगुळीत, नखे खोलगट, नाडी एकशे चारच्या पुढे. दोन वर्षांपासून पाळीच्या वेळी फार रक्तस्राव होत होता, पण ते 'या वयात व्हायचंच' म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ ग्रॅम. बाईंच्या शरीरात बारा ग्रॅमच्या पुढे असायला हवे, तेथे हे निम्म्यापेक्षा थोडेच जास्त. एवढ्या रक्तावर कोणताही माणूस जिना चढतानाही धापा टाकेल. या बाई चार वर्ग सांभाळीत होत्या, आणि वर स्वतःच्या विश्वासाला दोष देत होत्या.

आणखी एक प्रश्न मी अशा प्रत्येक रुग्णाला विचारतो. "रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात काय येतं?" बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सकाळी उठूच नये असं वाटतं." मी सरळ विचारले, "जीव द्यावा असं कधी मनात येतं?" त्या म्हणाल्या, "नाही. ते पाप आहे. पण देवानं आता मला न्यावं, असं प्रार्थनेत मागते."

वाचकांनी हे वाक्य नीट लक्षात ठेवावे. असे बोलणे ऐकून "अहो, असं बोलू नये" म्हणत विषय बदलायचा नसतो. ते गंभीरपणे घ्यायचे असते. त्यांच्या यजमानांना मी त्याच दिवशी फोन करून बोलावले, आणि मानसोपचार तज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी दिली. बाईंची परवानगी घेऊन मी आणखी एक फोन केला, तो त्यांच्या पाळकसाहेबांना. हे पाळकसाहेब तीस वर्षे शाळामास्तर होते आणि निवृत्तीनंतर मंडळीची सेवा पाहात होते. संध्याकाळी ते बाईंच्या घरी गेले. जाताना मलाही बरोबर घेतले. तेथे त्यांनी एलीयाची गोष्ट सांगितली.

रतामाच्या झुडपाखाली

ही गोष्ट पवित्र शास्त्रात राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. एलीया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याने साऱ्या राष्ट्रासमोर मोठे काम करून दाखवले होते. पण लगोलग ईजबेल राणीने त्याला मारण्याची शपथ घेतली, आणि हा धीट माणूस जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले आणि दिवसभराची वाट चालून एकटाच रानात गेला. तेथे एका रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. आता पुरे झाले, मी माझ्या पूर्वजांहून काही चांगला नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मग तो तेथेच झोपी गेला.

पाळकसाहेब बाईंना म्हणाले, "बाई, आता पुढे देवानं काय केलं ते ऐका. देवानं त्याला रागावलं नाही. 'तुझा विश्वास कुठं गेला' असं विचारलं नाही. 'अजून प्रार्थना कर' असंही सांगितलं नाही. दूत पाठवला. त्यानं एलीयाला हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं होतं. तो जेवला, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. देवानं झोपू दिलं. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खायला घातलं, आणि म्हणाला की पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. त्यानंतर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला गेला, आणि तिथं देव त्याच्याशी बोलला. आधी भाकर. बोलणं मागून."

मी चकित होऊन ऐकत होतो. मनाने खचलेल्या आणि शरीराने थकलेल्या रुग्णाला काय द्यावे, याचा क्रम कोणी विचारला तर मी हाच सांगेन. आधी झोप, अन्न आणि पाणी. मग पुन्हा झोप. मग थोडे चालणे. मग मनातले बोलायला लावणे. त्या गोष्टीत पुढेही औषध आहे. होरेब डोंगरावर एलीया म्हणतो की मी एकटाच उरलो. देव त्याला सांगतो की तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत, आणि अलीशा नावाचा एक जोडीदार त्याला मिळवून देतो. चाकराला मागे सोडून एकटे रानात जाणे आणि 'माझ्यासारखा मीच' असे वाटणे ही खचलेल्या मनाची लक्षणेच आहेत. त्यावर सोबत हाच उपाय.

पाळकसाहेबांनी उठताना दोन गोष्टी सांगितल्या. "आजारी माणसाला लेंटच्या उपवासाचं बंधन नाही. उद्यापासून वेळेवर जेवायचं. आणि संडे स्कूल सहा महिने दुसरं कोणी घेईल, मी बघतो." मी एकच पुस्ती जोडली. पहाटे चारचा गजर बंद. प्रार्थना दहा मिनिटे, आणि तीही सात तास झोप झाल्यावर.

प्रार्थनेने शरीरात काय होते

प्रार्थनेचा शरीरावर काही परिणाम होतो का? होतो, पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे.

इटलीतील डॉ. बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी रोझरीची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, आणि आपल्याकडील मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. श्वास असा संथ झाला की हृदयाची गती आणि रक्तदाब यांचा मेळ सुधारतो, असे त्यांना आढळले. रोझरी कॅथलिक मंडळी म्हणतात. इतरांनी पेटीच्या संथ सुरावर भजन म्हटले, किंवा एखादे स्तोत्र सावकाश वाचले, तरी श्वास लांबतोच. ओरडून ओरडून आवळलेला घसा आणि खांदे त्याने सैल होतात.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत २००६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवून घेतली. त्याने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात ती किंचित अधिकच दिसली. यावरून देवाविषयी काही सिद्ध होत नाही, आणि तो डॉक्टरचा प्रांतही नव्हे. मी रुग्णांना त्यातून एवढेच सांगतो की प्रार्थना लोहाच्या गोळीच्या जागी घेता येत नाही. बाईंच्या दोन तासांच्या प्रार्थनेने हिमोग्लोबिन पाव ग्रॅमही वाढले नव्हते. पण गोळी नियमित घेण्याचे बळ, मनातले बोलण्याची जागा आणि आपण एकटे नाही ही जाणीव प्रार्थनेने मिळू शकते. ही तिन्ही कामे माझ्या औषधाच्या कपाटातील कोणतीही बाटली करीत नाही.

थकलेल्या माणसाची प्रार्थना कशी असावी

हे मी पाळकसाहेबांनाच विचारले. त्यांनी जे सांगितले त्यात माझी वैद्यकीय भर घालून लिहितो.

पहिली गोष्ट, ती लहान असावी. लांब प्रार्थनेला जास्त गुण मिळतात, असा काही नियम नाही. शिक्षकांना परीक्षेची सवय असते, म्हणून ते प्रार्थनेचीही परीक्षा करून टाकतात, आणि स्वतःलाच नापास करतात.

दुसरी गोष्ट, ती खरी असावी. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतील कितीतरी गाऱ्हाण्यांची आहेत. 'किती काळ असे चालणार', 'माझ्याकडे पाठ का फिरवलीस' असे देवाला उघड विचारणारी. दमलो, चिडलो, वर्गातल्या अमक्या मुलाचा मला राग येतो, हे देवापुढे बोलायला हरकत नाही. मनात कोंडलेले शब्दांत उतरले की भार हलका होतो, हा मानसोपचारातलाही अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, तिला शेवट असावा. शाळा सुटल्यावर वर्गाला कुलूप लावताना दोन मिनिटे उभे राहावे. आज ज्या मुलांची काळजी वाटली त्यांची नावे मनात घ्यावीत आणि ती देवाच्या हवाली करून कुलूप लावावे. बाईंनी यासाठी साधी प्रार्थना स्वतःच रचली होती. "प्रभू, आज मला जमलं तेवढं केलं. राहिलं ते तुझ्याकडे ठेवते. ही लेकरं आधी तुझी आहेत, मग माझी. आता मला घरी जाऊ दे, आणि रात्री झोपू दे. आमेन." एका श्वासात उरकायची नाही, सावकाश म्हणायची. त्या सांगत, की पूर्वी वर्ग त्यांच्याबरोबर घरी यायचा, आता तो शाळेतच राहतो.

चौथी गोष्ट, आठवड्याचा एक दिवस खरोखर विसाव्याचा असावा. शब्बाथाची आज्ञा ही दहा आज्ञांपैकी एक आहे. त्या आज्ञेत गडी-मोलकरणींना आणि गुराढोरांनाही विसावा सांगितला आहे. मग बाईंनाच तो का नसावा? मार्कच्या सहाव्या अध्यायात येशूचे शिष्य काम करून परत येतात तेव्हा लोकांची इतकी ये-जा असते की त्यांना जेवायलाही सवड नसते. येशू त्यांना कौतुकाचे भाषण देत नाही, एकांतात चला आणि जरा विसावा घ्या म्हणतो. लोक तेथेही पाठोपाठ येतात, ही गोष्ट वेगळी. शिक्षकांना तो अनुभव नवा नाही. पण विसावा घ्या, असे गुरूने स्वतः सांगितले आहे, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

मोशेच्या सासऱ्याचा सल्ला

येथे एक धोका सांगणे माझे कर्तव्य आहे. थकलेल्या माणसाला 'प्रार्थना कर, बळ मिळेल' असे सांगून त्याच्यावरचे ओझे तसेच ठेवणे हा अन्याय आहे. चार वर्गांना एक शिक्षक असेल तर तो थकणारच. तो प्रार्थना करणारा असो वा नसो.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो येऊन ते पाहतो आणि सांगतो की हे बरे नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. मग तो कामाची वाटणी करून देतो. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला लावतो. मोशे ऐकतो. देवाशी बोलणाऱ्या माणसालाही सासऱ्याचा व्यवहारी सल्ला लागला.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक सांगितले आहेत. शिक्षकाचे काम तयारीच्या वेळेसह आठवड्याला पंचेचाळीस तास धरले आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षणाबाहेरच्या कामाला शिक्षकांना जुंपू नये, असेही त्यात आहे. हे कागदावरचे हक्क मागणे म्हणजे सेवेला कमीपणा आणणे नव्हे. बाईंच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने दोनदा अर्ज केला. तेव्हा कोठे आठवड्यातून तीन दिवस एक गुरुजी दुसऱ्या शाळेतून येऊ लागले. पूर्ण जागा अजून भरलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात कामाच्या अतिताणाने येणाऱ्या या अवस्थेची नोंद केली आहे. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. इंग्रजीत या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. संघटनेने तिला रोग म्हटलेले नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाशी ती जोडली आहे. म्हणजे दुखणे माणसात दिसत असले तरी त्याचे मूळ कामाच्या जागी आहे. तेव्हा इलाज दोन्हीकडे हवा.

तपासण्या कोणत्या कराव्यात

थकवा दोन-तीन आठवड्यांच्या वर टिकला, किंवा सुटीतही उतरला नाही, तर 'ताण आहे' असे गृहीत धरून बसू नये. पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

रक्तक्षय: भारतात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. हिमोग्लोबिन तपासणे सोपे आणि स्वस्त आहे. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नये. शौच काळे होईल, त्याला घाबरू नये. हिमोग्लोबिन भरून आले तरी गोळ्या पुढे सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. आणि रक्त कोठून जाते ते शोधलेच पाहिजे. या बाईंच्या गर्भाशयात गाठ निघाली. तिच्यावर स्त्रीरोग तज्ज्ञांनी उपचार केले.

थायरॉईड, मधुमेह आणि बी-१२: वजन वाढणे, थंडी सोसवत नाही, केस गळणे, अशा वेळी थायरॉईड तपासावे. वारंवार तहान आणि लघवी असेल तर साखर तपासावी. शाकाहारी व्यक्तींनी, आणि हातापायांना मुंग्या येत असतील तर कोणीही, बी-१२ तपासून घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी कोणत्याही धर्माचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आवाज: शिक्षकांचे हे हत्यार. दिवसभर घोट घोट पाणी प्यावे. शाळेत स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पाणीच न पिण्याची सवय अनेक बाईंना असते, तिने घसा आणि मूत्रमार्ग दोन्ही बिघडतात. वर्ग शांत करायला ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटी वापरावी. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

मन: दोन आठवडे सतत उदास वाटणे, कशातच गोडी न वाटणे, झोप-भूक बिघडणे, हे नैराश्य असू शकते. ते औषधाने आणि समुपदेशनाने बरे होते. तो विश्वासाचा कमीपणा नाही. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. २०२२ पासून ही मोफत सेवा चालू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

धाप लागणे, छातीत दुखणे, वजन झपाट्याने घटणे, रोज संध्याकाळी कणकण येणे, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये.

घरच्यांनी आणि मंडळीने

बाईंचे हिमोग्लोबिन महिन्याभरात साडेनऊच्या घरात आणि तीन-चार महिन्यांत जवळजवळ बारावर आले. मानसोपचार तज्ज्ञांचे औषध त्यांनी सांगितले तितके दिवस चालले. थकवा पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. काम अजूनही जास्तच आहे. पण मरण मागणारी प्रार्थना थांबली, आणि आपण पापी म्हणून थकतो ही समजूत गेली.

यात औषधांइतकाच वाटा इतरांचा होता. मुलाने सकाळचे पाणी भरणे आणि आजीचा चहा-नाष्टा स्वतःकडे घेतला. महिला संघाच्या दोघीजणी आळीपाळीने बुधवारी संध्याकाळचा डबा पाठवू लागल्या. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्याविषयी सांगितले आहे. त्याचा अर्थ बुधवारचा डबा असाही होतो.

तेव्हा चर्चमधील मंडळींना माझे सांगणे आहे, की आपल्यातील शिक्षिकेला 'तुमच्यासाठी प्रार्थना करतो' असे म्हणाल तेव्हा जोडीला एक काम विचारून घ्या. संडे स्कूलचा वर्ग, सभेचे इतिवृत्त, सासूबाईंजवळ दोन तास बसणे, काहीही. ज्या घरात चर्चऐवजी मंदिर, मशीद किंवा विहार आहे, तेथील वाचकांनाही हेच लागू आहे.

आणि शिक्षक बंधू-भगिनींनी टॉनिक मागायला येऊ नये, तपासायला यावे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आलात तरी चालेल. उपाशी राहून येण्याची गरज नाही, साखरेच्या तपासणीला उपाशी पोट लागले तर तसे आधी सांगू. जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे मात्र बरोबर आणावीत.